वाचकांचे प्रश्न : मॉलमध्ये दिसण्याची हौस आणि तिचा खर्च

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची असून वाशीच्या एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकते. दर शनिवारी ती मैत्रिणींबरोबर सीवूड्सच्या मॉलमध्ये जाते. निघण्यापूर्वी बराच वेळ आरशासमोर जातो. खरेदी क्वचितच होते. महागड्या दुकानांतले कपडे ट्रायल रूममध्ये घालून फोटो काढायचे, सरकत्या जिन्यावर रील करायचे आणि परत यायचे, एवढेच. मागच्या महिन्यात तिने आतेबहिणीकडून उसने पैसे घेऊन एक ब्रँडेड पर्स घेतल्याचे मला उशिरा कळले. तिचे वडील मॉलच बंद करा म्हणतात. हा दिखाऊपणा कसा थांबवावा?
— एक आई, नेरूळ

उत्तर : तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. नटूनथटून चारचौघांत जावेसे वाटणे ही एक, आणि त्यासाठी घरच्यांपासून लपवून पैसे उसने घेणे ही दुसरी. पहिलीत मला काहीही गैर दिसत नाही. दिवाळीच्या पहाटे ठाण्यात राम मारुती रोडवर आणि तलावपाळीवर नवे कपडे घातलेल्या तरुण मुलामुलींची जी गर्दी उसळते, तीही एकमेकांना पाहायला आणि स्वतः दिसायलाच जमते, आणि आपण तिचे कौतुक करतो.

मॉलची रचनाही त्याला पोषक आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९५६ साली सुरू झालेले साउथडेल हे पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉलचे पहिले उदाहरण मानले जाते. त्याचे वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन मूळचे व्हिएन्नाचे होते, आणि युरोपातील शहरांच्या चौकांत लोक जसे निवांत भेटतात तशी जागा त्यांना छताखाली निर्माण करायची होती. मधला मोकळा चौक, त्याभोवती मजल्यामजल्यांचे सज्जे, काचेचे कठडे आणि सर्वांच्या नजरेसमोरून वर जाणारे जिने ही मांडणी पुढे जगभर पसरली; त्या जिन्यावर उभा राहिलेला माणूस न दिसणे अशक्यच असते. सीवूड्सचा मॉल तर रेल्वे स्थानकाला जोडूनच उभा असल्यामुळे लोकलने येणाऱ्या मुलीला तो सहज गाठता येतो. तेथे उजेड असतो, सुरक्षारक्षक असतात, स्वच्छतागृह असते आणि ‘इथे का बसलात?’ असे सहसा कोणी विचारत नाही. संध्याकाळी सात वाजता पाच-सहा मुलींनी निर्धास्तपणे बसावे, हसावे, अशा किती जागा आपण त्यांच्यासाठी ठेवल्या आहेत, याचा विचार तिच्या वडिलांनी मॉलबंदीचा निर्णय घेण्यापूर्वी अवश्य करावा. बंदी घातली तर ती जाणे थांबवणार नाही, फक्त कुठे जाते हे सांगणे थांबवेल.

कपडे घालून पाहून फोटो काढण्याबद्दल फार चिंता करू नका. ते न मळवता जागेवर ठेवले की झाले. मात्र विकत घेतलेला कपडा किमतीची चिठ्ठी आत खोचून वापरायचा आणि दुसऱ्या दिवशी परत करायचा, हा प्रकार होत असेल तर तो स्पष्ट शब्दांत थांबवा.

आता पर्सविषयी. अशा मैत्रिणींच्या गटात एका फोटोतला पोशाख पुढच्या फोटोत चालत नाही, एकीकडे नवी वस्तू आली की बाकीच्यांची जुनी वाटू लागते, आणि जिच्या घरी पैसे सर्वांत कमी तिच्यावर या चढाओढीचा भार सर्वांत जास्त पडतो. ती पर्स हौसेपेक्षा गटातून बाहेर पडण्याच्या भीतीने घेतली असण्याची शक्यता मला अधिक वाटते. आपणही एका लग्नात नेसलेली पैठणी त्याच नातेवाइकांसमोर पुन्हा नेसायला कचरतो, तेव्हा तिची ही भीती आपल्याला अनोळखी नसावी.

तिला शांतपणे बसवून किती रक्कम, कोणाला आणि केव्हा द्यायची आहे ते विचारा. ती रक्कम तुम्ही परस्पर फेडून टाकू नका; तिच्या हातखर्चातून दरमहा थोडी थोडी आतेबहिणीकडे जाऊ द्या. त्याच बैठकीत घरात पगार किती येतो, घराचा हप्ता किती जातो आणि शिल्लक काय राहते हे आकड्यांनिशी सांगा, कारण मिळकत मुलांपासून लपवायची आणि मर्यादा मात्र त्यांनी आपोआप ओळखाव्यात ही अपेक्षा रास्त नाही. अठरा वर्षे पूर्ण झाल्यामुळे ती आता स्वतःच्या नावावर कर्ज घेऊ शकते; मोबाइलवर मिळणाऱ्या छोट्या कर्जाचा हप्ता चुकला तरी त्याची नोंद तिच्या पतइतिहासात होऊ शकते आणि पुढे शिक्षणासाठी किंवा घरासाठी कर्ज मागताना ती आड येऊ शकते. हे तिला आजच कळायला हवे. आणि येत्या शनिवारी ती तयार होऊन निघेल तेव्हा घड्याळाकडे न बघता तिच्याकडे बघा, व छान दिसत असेल तर तसे सांगा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मुलगा-सून मॉलमध्ये नेतात, पण ‘लेंगा-सदरा आणि चपला नकोत, लोक बघतात’ असे सांगतात. मी काय करावे?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : लेंगा-सदरा घालूनच जावे. मुंबईत हाजी अलीजवळ १९९९ साली क्रॉसरोड्स मॉल सुरू झाला, तेव्हा सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्यांकडून प्रवेशशुल्क मागितले जात असे; ती अट टिकली नाही. जुलै २०२४ मध्ये बेंगळुरूच्या एका मॉलने धोतर नेसलेल्या वृद्ध शेतकऱ्याला अडवले, तेव्हा कर्नाटक सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. प्रवेशद्वारावरची तपासणी सर्वांचीच होते, तिचा संकोच बाळगू नये. मुलाला आणि सुनेला मात्र एवढे जरूर विचारा की, त्यांना नेमकी कोणाची नजर सलते. ओळखीचे कोणी भेटेल याची धास्ती असेल, तर तसे कोणी भेटताच आपण होऊन पुढे व्हा आणि स्वतःची ओळख करून द्या.