‘संशोधनाने सिद्ध’ आणि एका आईची धास्ती

पाचवीतल्या एका मुलाची आई माझ्यासमोर बसल्या आणि मुलाच्या वहीआधी त्यांनी मोबाइल उघडला. एका पोस्टमध्ये पाढे पाठ करून घेणे घातक असल्याचे ‘संशोधनाने सिद्ध’ झाले होते, तर दुसरीत पाठांतराविना गणित येतच नाही, हेही तितक्याच ठामपणे सिद्ध झाले होते. अशा प्रत्येक पोस्टनंतर घरातले साधन बदलले होते : आधी ठोकळे, मग ॲप, मग घड्याळ लावून सोडवायच्या सरावपत्रिका. “माझी निवड चुकली, तर त्याचे गणित कायमचे कच्चे राहील का हो?” हा प्रश्न अनेक पालक मला विचारतात.

त्यांना सर्वाधिक पटलेल्या पोस्टमध्ये उंच स्तंभांचा एक आलेख होता. कुणाची तुलना कुणाशी केली आणि चाचणी कधी घेतली, एवढेच मी विचारले. चाचणी धडा संपताच घेतलेली होती. तेव्हा मी त्यांना रोहरर आणि टेलर या संशोधकांचा २००७ मधला प्रयोग सांगितला. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी घनफळाची उदाहरणे सोडवली. एकाच प्रकारची उदाहरणे सलग सोडवणाऱ्यांची सरावातली ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, सरमिसळ सोडवणाऱ्यांची ६० टक्केच. मात्र आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिला गट २० टक्क्यांवर घसरला आणि दुसरा ६३ टक्क्यांवर राहिला. सरावाच्या दिवशीच आलेख काढला असता, तर निष्कर्ष नेमका उलटा निघाला असता.

“पण ती मुले मोठी होती ना?” त्यांनी विचारले. शंका रास्त होती, आणि खरे सांगायचे तर ती त्यांनी स्वतः काढली याचाच मला अधिक आनंद झाला. सातवीच्या ५४ वर्गांवरील २०२० मधल्या अभ्यासातही, महिन्याभरानंतरच्या चाचणीत सरमिसळ सराव केलेल्यांना सरासरी ६१ टक्के आणि इतरांना ३८ टक्के गुण मिळाले. तरीही पाचवीतल्या त्यांच्या मुलाला नेमके काय लागू पडेल, हे त्याची वही पाहिल्यावाचून मी सांगू शकत नव्हते.

वहीत अपूर्णांकांची बेरीज पानभर बरोबर होती. पुढच्या पानावर वजाबाकी आणि गुणाकार मिसळताच त्याने गुणाकारालाही समच्छेद करायला घेतला होता आणि मध्येच खोडून सोडून दिला होता. साधन पुन्हा बदलण्याचे कारण मला त्यात दिसले नाही. आहे तीच सरावपत्रिका ठेवून, घड्याळ बाजूला सारून, रोज जुन्या घटकांतली तीन-चार उदाहरणे मिसळायचे आम्ही ठरवले. पहिल्या आठवड्यात चुका वाढतील, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवले.