रामोन्सचा पहिला अल्बम खपलाच नाही, मग त्याचं एवढं कौतुक का?

खपला नाही हे खरंच. रामोन्स हा न्यू यॉर्कचा पंक, म्हणजे साधं आणि वेगवान रॉक वाजवणारा बँड. एप्रिल १९७६ मध्ये हा अल्बम आला आणि बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या खपाच्या यादीत १११ च्या वर काही सरकला नाही. अमेरिकेत पाच लाख प्रतींचं 'गोल्ड' मिळायला २०१४ उजाडलं. तोवर बँडमधले जोई, जॉनी आणि डी डी तिघंही वारले होते. ड्रमर टॉमी तेवढा उरला होता, त्याच जुलैत तोही गेला.

पण ज्यांनी तो घेतला त्यातल्या बऱ्याच पोरांनी लगेच हातात गिटार घेतली, कौतुक आहे ते याचं. त्या काळी रॉक म्हणजे लांबलचक सोलो (एकट्या वाद्याचे तुकडे) आणि वाद्यांचा डोंगर. इथे १४ गाणी अर्ध्या तासाच्या आत उरकतात, खर्च जेमतेम ६,४०० डॉलर, सोलो जवळजवळ नाहीतच. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढं तर आपल्यालाही जमेल.

जमतं का? यातल्या 'ब्लिट्झक्रीग बॉप' या गाण्याच्या कॉर्ड नवशिक्यालाही सापडतात. गोम उजव्या हातात आहे. गिटारवाला जॉनी प्रत्येक स्ट्रोक वरून खालीच मारतो, सेकंदाला साधारण सहा. मी वाजवून बघितलंय: दुसऱ्या कडव्यापर्यंत मनगट भरून येतं आणि हात गुपचूप खाली-वर करायला लागतो. तसं केलं की तो करवतीसारखा आवाज गेलाच.

एक दंतकथा मात्र सोडून द्या. ४ जुलै १९७६ ला लंडनच्या राउंडहाउसमध्ये रामोन्स वाजले आणि ब्रिटिश पंक जन्मलं, असं सर्रास सांगतात. त्या संध्याकाळी सेक्स पिस्टल्स आणि क्लॅश हे ब्रिटिश पंक बँड शेफील्डला वाजवत होते, आणि पिस्टल्स तर १९७५ पासूनच स्टेजवर होते. दुसऱ्या दिवशी लंडनच्या डिंगवॉल्स क्लबात त्यांची रामोन्सशी गाठ पडली, हे खरं. पोरं आधीच पेटलेली होती. या रेकॉर्डने त्यांना वेग दिला.

सगळंच डोक्यावर घ्यावं असंही नाही. शेवटच्या गाण्यातली नाझी थट्टा मला आजही खटकते, जोई आणि टॉमी दोघंही ज्यू घरातले असले तरी.

ऐकणार असाल तर हेडफोन लावा. एका कानात बास, दुसऱ्यात गिटार, अशी सरळ वाटणी आहे. एक बाजू काढून ठेवा आणि तिच्या जागी स्वतः वाजवा. पिस्टल्सचा सिड व्हिशस बास असाच शिकला म्हणतात.