आईला खरं सांग

प्रिय बाळा,

आईला फोनवर "सगळं मस्त चाललंय" म्हणालास, आणि तासाभरात मला मेसेज केलास की गोदामात खोकी उचलून पाठ धरली आहे, परत यावंसं वाटतंय. दोन्हींतलं खरं कुठलं ते मला कळतं. म्हणून तुझ्याच सिडनीत उतरलेल्या एका इंग्रज पोराची हकीकत सांगतो.

हेन्री पार्क्स. बर्मिंगहॅममध्ये हाडाच्या आणि हस्तिदंताच्या वस्तू कातून विकायचा. दोन लेकरं दगावली, लंडनला जाऊनही जम बसेना. मग 1839 मध्ये, भाड्याला मदत मिळत होती म्हणून, तो बायकोला घेऊन जहाजात चढला. सिडनी दोन दिवसांवर असताना क्लॅरिंडा जहाजावरच बाळंत झाली. 25 जुलैला बंदर लागलं तेव्हा हा चोवीस वर्षांचा बाप. खिशात मोजके शिलिंग आणि ओळखीचं काळं कुत्रंही नाही.

हस्तिदंत कातणाऱ्याला तिथे कोण विचारतो! पेनरिथजवळ रीजंटव्हिल नावाच्या जमीनदारीवर मजूर म्हणून राहिला. वर्षाला 25 पौंड आणि शिधा. मांस कधी कधी तोंडात घालवत नसे. निजायला जुनं दार आणि झाडाची साल, वर असतील ते कपडे. ओली बाळंतीण त्यावरच निजली. (क्लॅरिंडाला कोणी विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं, असं मला नेहमी वाटतं.)

मे 1840 मध्ये त्याने हे सगळं घरी कळवलं. ऑस्ट्रेलियाकडून केलेल्या अपेक्षा फोल ठरल्या, हेही लपवलं नाही.

मला हे जमलं नव्हतं. मस्कतला असताना मी दोन वर्षं "मजेत आहे" असंच लिहीत राहिलो. मग घरून बहिणीच्या लग्नासाठी पैसे मागितले, तेव्हा नाही कसं म्हणणार? मजेत होतो ना! उसने काढून पाठवले. फेडता फेडता नाकी नऊ आले.

पार्क्स मळा सोडून सिडनीला आला. लोखंडी सामानाच्या दुकानात, पितळेच्या ओतशाळेत, मग कस्टम्समध्ये राबला आणि 1845 मध्ये स्वतःचं कातकामाचं दुकान थाटलं. पुढे पाच वेळा न्यू साउथ वेल्सचा, म्हणजे सिडनी ज्यात येते त्या वसाहतीचा, प्रीमियर (आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) झाला. पण त्याला देव्हाऱ्यात बसवू नकोस. पैशाचा व्यवहार त्याला कधीच जमला नाही, दिवाळं निघालं तेही एकदा नव्हे. आणि स्वतः परका म्हणून आलेल्या याच माणसाने 1888 मध्ये चिनी लोकांना अडवणारा कडक कायदा आणला. तिथल्या एखाद्या चिनी दुकानदाराशी बोलताना हे ध्यानात असू दे.

गोदामाचं काम एवढ्यात सोडू नकोस, पण दुसरं शोधायला आजपासून लाग. रविवारी आईला फोन कर आणि पाठीचं सांग. ती आधी रडेल, मग ओव्याच्या पुरचुंडीने शेकायला सांगेल. शेक.

तुझा,
काका