बाळाने झुरळ खाल्लं, आता काटेरी डोक्याचे जंत होतील का?

तुमच्या सव्वा वर्षाच्या मुलाने झुरळ चावून खाल्लं, आणि या जंताबद्दल वाचून तुम्ही धास्तावलात. फार क्वचित होतो, पण होतो. मी स्वतः पाहिलाय.

पुण्यात पेठेतल्या एका लॅबमध्ये मी चोवीस वर्षं टेक्निशियन होते. एका सकाळी जुन्या वाड्यात राहणारी एक आई लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत पोराच्या शीतून पडलेला जंत घेऊन आली. वीतभर, पांढरट, अंगावर मण्यांसारखे फुगवटे. आमच्या सरांनी बाटली उजेडात धरली न धरली तोच म्हणाले, ‘पट्टकृमी. लिही.’ मी म्हटलं, सर, हा चपटा नाही, गोल आहे. ‘तू मला शिकवू नकोस.’

मी तो साध्या पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी टोकातून सोंड बाहेर आलेली, आणि मायक्रोस्कोपखाली तिच्यावर मागे वळलेल्या आकड्यांच्या रांगाच रांगा. पट्टकृमीला अशी सोंड नसते. मोनिलिफॉर्मिस होता तो, काटेरी डोक्याच्या जंताचीच एक जात. लॅटिनमध्ये मोनिले म्हणजे गळ्यातली माळ, त्यावरून हे नाव. सरांना बोलावून दाखवलं, तरी रिपोर्ट पट्टकृमीचाच गेला. आज निवृत्त झाले तरी ते सलतं, कारण दोन्हींची औषधं वेगळी, आणि वाड्यातल्या उंदीर-झुरळांबद्दल त्या माउलीला कुणी चकार शब्द सांगितला नाही.

उंदराच्या लेंडीतली अंडी झुरळ खातं, अळी झुरळाच्या अंगात वाढते, आणि तसलं झुरळ (किंवा कधी भुंगा) पोटात गेलं तरच माणसाला जंत होतो. त्यामुळे एकाचा दुसऱ्या भावंडाला लागत नाही. इटलीत 1888 साली कालान्द्रुच्चो या शास्त्रज्ञांनी मुद्दाम अळ्या गिळून पाहिल्या; पोट दुखलं, जुलाब झाले, कानात आवाज येऊ लागले. या जंतांची डुकरांत आढळणारी मोठी जात भुंग्यांतून येते, ती आतड्याला भोकसुद्धा पाडू शकते.

एका झुरळाने बहुधा काही होणार नाही. पण मी डॉक्टर नाही. पोट फुगलं, उलट्या थांबेनात, तर लगेच दवाखाना गाठा. औषध मनाने देऊ नका. पायरँटेल की आयव्हरमेक्टिन, ते डॉक्टर ठरवतील. जंताची अंडी शीमध्ये दिसतीलच असं नाही, म्हणून जंत पडला तर फ्लश करू नका, स्वच्छ बाटलीत घालून न्या. आणि चपटा होता की गोल, सोंड पाहिली का, हे रिपोर्टवर लिहून मागा. कुणी ‘शिकवू नका’ म्हटलं तरी मागा.