मेनची विसावी : रेजिमेंट की पलटण?

अमेरिकेच्या इतिहासावरच्या लेखाचं भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने आपलं एक वाक्य पाठवलं आहे : ‘नागरी युद्धात कर्नल चेंबरलेन यांच्या विसाव्या मेन स्वयंसेवक रेजिमेंटने लिटल राउंड टॉप ही टेकडी राखली.’ (मेन हे अमेरिकेतलं एक राज्य.) त्यांचा प्रश्न ‘रेजिमेंट’पुरता आहे. तो शब्द तसाच ठेवावा, की ‘पलटण’ म्हणावं? ‘पलटण’ जुनाट वाटेल अशी त्यांना भीती आहे.

माझं मत निःशंकपणे ‘पलटण’च्या बाजूचं आहे आणि त्याचं कारण शब्दाच्या वयापेक्षा आकारात आहे. आज आपल्याकडे ‘रेजिमेंट’ म्हटलं की मराठा लाइट इन्फन्ट्री डोळ्यांसमोर येते : बेळगावचं केंद्र, अनेक बटालियन, हजारो जवान. ही सगळी मिळून एका ठिकाणी लढत नाही. लढते ती तिची एकेक बटालियन. त्या बटालियनला जवान काय म्हणतात? पलटण. १७६८ साली उभी राहिलेली पहिली बटालियन ‘जंगी पलटण’ म्हणूनच ओळखली जाते. ‘तुमची पलटण कुठली?’ या प्रश्नाचं उत्तर फौजी माणूस बटालियनचा क्रमांक सांगून देतो.

आता चेंबरलेनची रेजिमेंट पाहा. १८६२च्या ऑगस्टमध्ये मेन राज्यात ती उभी राहिली तेव्हा तिच्यात दहा कंपन्या आणि साधारण हजार माणसं होती. म्हणजे आपली एक बटालियनच. २ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गच्या लढाईत लिटल राउंड टॉपवर ती उभी ठाकली तेव्हा रोगराई आणि लढायांनी झिजून चारशेच्या आत आली होती. कर्नल स्ट्राँग व्हिन्सेंटच्या एका ब्रिगेडमध्ये अशा चार रेजिमेंटा होत्या : मेनची विसावी, पेनसिल्व्हेनियाची त्र्याऐंशीवी, न्यू यॉर्कची चव्वेचाळिसावी आणि मिशिगनची सोळावी. मराठी वाचकाला इथे ‘रेजिमेंट’ दिलीत, तर त्या टेकडीवर तो एक प्रचंड सैन्य कल्पील आणि प्रसंगातला सगळा ताणच निघून जाईल. मूठभर माणसं, उत्तरेच्या संपूर्ण फौजेची डावी कड त्यांच्या भरवशावर, समोर दक्षिणेकडून लढणारी अलाबामाची पंधरावी पलटण पुन्हा पुन्हा चढून येते आहे आणि इकडे काडतुसं संपत आली आहेत. तेव्हा संगिनी रोखून ही माणसं उताराने खाली धावली. ‘पलटण’ या शब्दात ही मूठभर माणसं मावतात.

शिवाय हा शब्द आपल्यात पुरता मुरलेला आहे. इंग्रजी ‘बटालियन’वरून तो आला की ‘प्लॅटून’वरून, यावर दोन्ही मतं आहेत, पण महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेतल्या, द बॉयन या युरोपीय सेनानीने तयार केलेल्या पायदळालाही आपण पलटणीच म्हणतो. ‘पोरांची पलटण’ घराघरात आहे, मग जुनाट कसा? फक्त शब्दांचा क्रम बदला. ‘विसावी मेन’ हा इंग्रजीचा क्रम झाला. मराठीत ‘मेनची विसावी पलटण’.

वाक्यातला ‘स्वयंसेवक’ मात्र मला जास्त खटकतो. तो वाचून गणेशोत्सवात रांगा लावणारी मुलं आठवतात. इथे अर्थ एवढाच की ही नेहमीची खडी फौज नव्हती. युद्ध पेटल्यावर राज्याने माणसं भरती केली, ती आपखुशीने आली आणि त्यांचे अधिकारी राज्याच्या गव्हर्नरने नेमले. चेंबरलेन स्वतः बोडन कॉलेजात भाषा शिकवणारा प्राध्यापक होता. त्याला थेट कर्नलपद देऊ केलं होतं. आधी काम शिकतो म्हणून त्याने त्याखालचं पद घेतलं आणि वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत तयार झालेल्या एडलबर्ट एम्सच्या हाताखाली काही महिने धडे गिरवले. म्हणून ‘खुशीने भरती झालेली पलटण’ म्हणा.

आणि ‘नागरी युद्ध’ कृपा करून काढाच. नागरी बँक, नागरी वस्ती, नागरी सुविधा यांच्या पंगतीत हे युद्ध बसवलं तर शहराच्या गल्लीबोळातली लढाई वाटते. ‘गृहयुद्ध’ हिंदीच्या वाटेने आलं आहे आणि समजतं, पण मराठीचा स्वतःचा शब्द ‘यादवी’ आहे. प्रभासक्षेत्री सात्यकी आणि कृतवर्मा एकमेकांना टोचून बोलले आणि यादवांनी यादवांना मारलं. दोघे एकाच कुळातले, पण कुरुक्षेत्रावर परस्परविरुद्ध बाजूंनी लढलेले. ते जुनं वैर उफाळलं. आपल्याच माणसांतलं युद्ध म्हणून हा शब्द अचूक आहे. त्याची एक छटा मात्र सांभाळायला हवी. यादवांचं भांडण मद्याच्या धुंदीतलं होतं. अमेरिकेतलं युद्ध गुलामगिरीवरून पेटलं होतं आणि चाळीस लाखांच्या आसपास माणसांची गुलामी त्यात पणाला लागली होती. म्हणून ‘यादवी’ लिहा, पण ते कशासाठी लढलं गेलं हे लेखात कुठेतरी स्पष्ट येऊ द्या.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘अमेरिकेतल्या यादवी युद्धात खुशीने भरती झालेल्या, मेन राज्याच्या विसाव्या पलटणीने कर्नल चेंबरलेनच्या हुकमतीखाली लिटल राउंड टॉपची टेकडी राखली.’ लांबलं आहे खरं. पलटणीची भरती आधीच्या वाक्यात सांगून टाकलीत, तर इथून ती सहज गाळता येईल.