"नुसतं बघितलं तरी जेल होते का?"

(मी समुपदेशन करते. ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत.)

ताईंनी पिशवीतून पोलिसांची नोटीस काढली, चार घड्या घातलेली. तिच्यासोबत मुलाची दहावीची गुणपत्रिका. "मॅडम, पोरगा हुशार आहे हो." पोरगा बावीस वर्षांचा. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे व्हिडिओ त्याने एका ग्रुपवरून उतरवून घेतले होते, फोन जप्त झाला होता. वडील दारातच उभे. "बघितलंच ना फक्त? कुणाला हात तर लावला नाही! मद्रास हायकोर्टाने सोडलंय एकाला."

सोडलं होतं, जानेवारी 2024 मध्ये. 23 सप्टेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला. 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दच वापरू नका, हे मुलांच्या शोषणाचं आणि अत्याचाराचं साहित्य आहे, असंही कोर्टाने सांगितलं. अनोळखी लिंक चुकून उघडली तर ती लगेच बंद करून कळवायची. बघत बसलात तर ते साहित्य तुमच्या ताब्यात होतं असं धरलं जातं.

शिक्षेचं वडिलांना कागदावर लिहून दिलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67 बी : असं साहित्य शोधणं, बघणं, उतरवून घेणं, सगळं त्यात येतं. पहिल्यांदा दोषी ठरला तर 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड. पुन्हा सापडला तर कैद 7 वर्षांपर्यंत. 'पर्यंत'खाली मी रेघ मारली. किमान कैद कायद्याने ठरवलेली नाही, त्यामुळे वय, आधीचा गुन्हा, किती फाइली, पुढे पाठवल्या का, हे न्यायाधीशांसमोर येतं. पोक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम 15 हेतू बघतं. पुढे पाठवायला बाळगलं तर 3 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. धंद्यासाठी असेल तर पहिल्या वेळी 3 ते 5 वर्षं कैद, दंड किंवा दोन्ही.

थोरल्या भावाला मुलाचा पासवर्ड माहीत होता. ऑनलाइन साठवलेलं पुसून टाकू का, असं त्याने विचारलं. अजिबात नाही. पुरावा नष्ट करणं हा आणखी एक गुन्हा होतो. वकील गाठा, म्हटलं.

मुलाच्या दोन भेटींनंतर ताई हळूच म्हणाल्या, "उपचार चालू आहेत, तो सुधारलाय, असं सर्टिफिकेट द्याल? जज ऐकतील." मला त्यांचा राग आला नाही. पण मी फक्त किती वेळा आला ते लिहून देते. सुधारला असं कुठल्या तोंडाने लिहू? दोनदा येऊन तो खिडकीबाहेर बघत बसला होता.

तिसऱ्या वेळी बोलला. व्हिडिओतल्या भिंतीवर पाढ्यांचा तक्ता होता म्हणे, त्याच्या घरी होता तसाच. "तेव्हा दिसला होता मला. तरी बंद नाही केलं."

त्या दिवशी आम्ही ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त बसलो. ताई बाहेर बाकावर गुणपत्रिका मांडीवर घेऊन थांबल्या होत्या.