आजोबांच्या काळातले तीन-चारशे फोटो स्कॅन करायला कुरियरने पाठवायचेत. अल्बममधून सुटे करून पाठवू का? आणि पॅकिंग कसं करायचं?

"सुटे करून पाठवू का" एवढं वाचलं आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसले. अजून काढले नसतील तर हात लावू नका, आधी हे वाचा.

आमच्या वाईच्या घरी एक अल्बम होता. जाड काळ्या कागदाचा, दोन भोकांतून गोंड्याची दोरी ओवलेला, प्रत्येक पानावर तो कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी असलेला पातळ कुरकुरीत कागद, आणि फोटो चारी बाजूंनी कोपरे लावून बसवलेले. आजोबा मामलेदार कचेरीत कारकून, जन्म मोडी लिहिण्यात गेलेला, त्यामुळे प्रत्येक फोटोखाली पांढऱ्या पेन्सिलीने एकेक ओळ ती पण मोडीतच. आम्हाला कुणाला वाचता यायची नाही, आत्याला थोडीफार यायची. लहानपणी आम्हाला ती नक्षीच वाटायची.

२०१८ ला घर विकायचं ठरलं. माझा दादा पुण्यात असतो, इंजिनिअर, सगळं सिस्टिमॅटिक. मी डोंबिवलीहून पोचेपर्यंत त्याने एका रविवारात सगळा अल्बम रिकामा केला होता. फोटोंच्या साइजप्रमाणे गड्ड्या, प्रत्येकाच्या पाठीवर बॉलपेनने नंबर, गड्डीला रबरबँड, सगळं बिस्किटांच्या डब्यात. मी विचारलं अल्बम कुठेय, तर म्हणाला कसर लागली होती गं, रद्दीत दिला. फोटो आहेत ना सगळे, मग कागद कशाला हवेत. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रद्दीवाल्याकडे पळत गेले तर त्याचा टेंपो सकाळीच गेलेला.

स्कॅन होऊन आले तेव्हा दुसरी मजा. आजोबांचा एकट्याचा म्हणून जो एकच फोटो आहे, खुर्चीत बसून, हातात टोपी, त्यात कपाळावर ३७ आहे. शाईने नाही, उठाव आलाय. बॉलपेन दाबून लिहिलं की कागद पुढच्या बाजूने फुगतो, नुसत्या डोळ्याला दिसत नाही, पण स्कॅनरचा दिवा तिरपा पडतो आणि त्यात बरोबर सावली येते, आणि ३७ म्हणजे उलटा ३७, आरशातला. शिवाय गड्डीत शाई खालच्या फोटोवर उतरते ती वेगळीच. मोरूकाकांच्या मुंजीच्या फोटोत बटूच्या गालावर निळा डाग आहे तो तीट नव्हे.

तर पहिलं उत्तर: सुटे करायच्या आधी मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढा. पूर्ण पान, मग खालची अक्षरं जवळून. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. चारशे फोटो म्हणजे साठ-सत्तर पानं असतील, एका दुपारचं काम. कोण कुणाच्या शेजारी लावलाय यावरून सुद्धा अर्ध्या गोष्टी कळतात, ते एकदा मोडलं की ब्रह्मदेवाला जुळवता येत नाही. आणि त्यानंतरही काळ्या पानाचा कोपऱ्यांवाला अल्बम असेल तर मी म्हणेन अख्खा अल्बमच पाठवा, स्कॅनवाले पानासकट करतात, विचारून घ्या, थोडे जास्त पैसे घेतात. नुसतं काढायचंच असेल तर कोपऱ्यांतून अलगद निघतात, त्यात काही अवघड नाही.

अवघड आहे ते ८०-९० सालच्या चिकट पानांच्या अल्बमचं, वर प्लॅस्टिक उचलून खाली फोटो चिकटवायचे तसले. तो गोंद पिवळा पडून दगड होतो. तिथे नखाने उचलू नका, फोटो वाकला की वरचा थर तडकलाच. दात साफ करायचा धागा मिळतो ना मेडिकलमध्ये, बिनवासाचा, तो फोटोखालून करवतीसारखा हळू ओढायचा. दोन मिनिटांत नाही निघाला तर सोडून द्या, तसंच पान स्कॅन करतात. आणि देवघराशेजारच्या फ्रेममधला फोटो काचेला चिकटलेला असेल तर अजिबात ओढू नका, चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. काचेसकटच स्कॅन होतो. पण तो कुरियरने पाठवू नका, जवळच्या स्टुडिओत हातात धरून घेऊन जा.

आता पॅकिंग. एका मापाचे एकत्र, वीस-पंचवीसची गड्डी, मधेमधे साधा पांढरा कागद, आणि सगळं कागदी पाकिटात. नंबर आणि नावं पाकिटावर लिहायची, ती पण फोटो आत घालायच्या आधी. पाठीवर लिहायचंच असलं तर ४बी-६बी म्हणजे मऊ शिशाची पेन्सिल, कडेला, काचेवर किंवा फरशीवर फोटो ठेवून अगदी हलक्या हाताने. प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत पाठीच्या रंगीत फोटोंवर पेन्सिल उठत नाही, त्यांना चिठ्ठी. रबरबँड नको. त्यात गंधक असतं, चांदीवाले ब्लॅक अँड व्हाइट फोटो त्याने काळवंडतात, आणि माळ्यावरच्या उन्हाळ्यात रबर विरघळून चिकटतं ते निघत नाही. स्टेपल, टाचणी, यू-पिन काढून टाका. मग पाकिटाच्या दोन्ही बाजूंना फोटोपेक्षा बोटभर मोठा पुठ्ठा, वर झिपची पिशवी, हे सगळं छोट्या खोक्यात, छोटं खोकं मोठ्या खोक्यात आणि मधल्या जागेत बबलरॅप. वर्तमानपत्राचे बोळे फक्त बाहेरच्या खोक्यात, फोटोला लागले तर छपाईची शाई उतरते. खोकं कानाशी धरून हलवा, खुळखुळ आवाज आला तर परत उघडा. सोमवार-मंगळवारी बुक करा, शनिवारी दिलेलं पार्सल रविवारी कुठल्यातरी गोदामात पडून राहतं. पावसाळ्यात तर पाठवूच नका, चारशे फोटो चाळीस वर्षं थांबलेत, दिवाळीपर्यंत थांबतील. सगळे एकदम नकोत, पहिल्यांदा बिनमहत्त्वाचे वीस पाठवून काम बघा.

आणि स्कॅनवाल्याला दोनच गोष्टी विचारा. एक, काचेवर ठेवून करता का झेरॉक्ससारखं कागद ओढणाऱ्या मशीनमध्ये घालता? दुसरं म्हणाला तर फोन ठेवा. दोन, लहान फोटो किती डीपीआयला, म्हणजे इंचाला किती ठिपके? ३०० म्हणाला तर पोस्टकार्ड साइजला ठीक, पण छोट्या चौकोनी फोटोंना १२०० मागा. हे का सांगतेय ते आता सांगते, कारण खरं भांडण इथे आहे.

एका फोटोत आजी, आत्या, बाबा आणि दोन शेजारी तंबूसमोर बसलेत. काकांच्या आग्फा क्लिक कॅमेऱ्यातला, सव्वादोन इंच चौकोनी. दादा म्हणतो महाबळेश्वरची ट्रिप. आत्या सांगायची की आजोबांची बदली पाटणला होती आणि तो कोयनेच्या भूकंपानंतरचा आहे, ११ डिसेंबर १९६७, पहाटे घर हललं आणि मग कितीतरी दिवस सगळे बाहेर झोपत होते. दादाचं म्हणणं आत्या तेव्हा दहा वर्षांची, तिला काय आठवणार. आता खाली मोडीत ओळ होती. ती वाचली असती तर विषय संपला असता. ती कुठे गेली ते वर लिहिलंच आहे.

माझ्या मोबाइलमध्ये २०१४ च्या गणपतीत त्या पानाचा एक फोटो निघालेला सापडला, तो पण कुणाचं तरी बाळ अल्बम चघळतंय म्हणून काढलेला. बाळाच्या कोपराखाली अर्धी ओळ दिसते. मोडीचा वर्ग घेणाऱ्या एका बाईंना दाखवली, त्यांना "मुक्काम पाटण" एवढंच लागलं, पुढे कोपर. दादा म्हणाला पाटणहूनच तर महाबळेश्वरला गेले असतील. आत्या २०२१ ला गेली, आता विचारणार कुणाला.

मी काही यातली तज्ज्ञ नाही हे सांगायचं राहिलं. बुरशी आलेले किंवा एकमेकांना चिकटून वीट झालेले फोटो असतील तर माझं ऐकू नका, ते वेगळ्या पिशवीत ठेवा, ओल्या फडक्याने पुसू नका आणि जाणकाराला दाखवा. निगेटिव्ह सापडल्या तर आधी त्या, प्रिंटपेक्षा त्यात जास्त माल असतो. आमच्या घरी त्या सूर्यग्रहण बघायला वापरून संपवल्या, आणि तसं बघू पण नये म्हणतात, डोळ्याला वाईट.

मागच्या महिन्यात मी तो तंबूवाला फोटो माझ्या पैशाने पुन्हा १२०० ला करून घेतला. मोठा करून बघितला तर आजीच्या मागे, तंबूच्या दोरीशी, पाटा-वरवंटा आहे. शेजारी उलटा घातलेला तांब्याचा बंब. दादाला व्हॉट्सॲपवर पाठवलाय, महाबळेश्वरला बंब आणि पाटा घेऊन कोण जातं ते सांग म्हटलं. निळ्या टिका आल्यात.